जिथं रुसती तिथं चला

माझ्या नव्या गाडीच्या डॅशबोर्डवर गेल्या महिन्यात एक नारिंगी दिवा लागला. थोडा वेळ राहिला आणि आपला आपण गेला. दोन दिवसांनी औसा रस्त्याला पुन्हा लागला, पुन्हा गेला. मी गाडी शोरूमला नेली. त्यांनी स्टिअरिंगखाली एक वायर खोचली, संगणकात बराच वेळ डोकं घातलं आणि म्हणाले, "सर, काहीच दाखवत नाही. परत लागला की घेऊन या." मी म्हटलं, "अहो, तो लागतो तेव्हा मी तुमच्यापाशी नसतो आणि तुमच्यापाशी असतो तेव्हा तो लागत नाही. मी करू काय?" यावर सगळे सभ्यपणे हसले आणि त्यांनी मला पाणी दिलं.

तणतणतच बाहेर पडलो आणि सवयीनं गाडी उदगीरच्या रस्त्याला लावली. लातूर मागं पडल्यावर ध्यानात आलं, की ज्यांच्याकडे निघालोय ते चाँदभाई आता नाहीत. दुकानही नाही. गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

मी गुरांचा डॉक्टर. नोकरीची बरीच वर्षं देवणीला गेली. मुलांच्या शाळेपायी बिऱ्हाड उदगीरला ठेवलं होतं आणि रोजचं जाणं-येणं एका जुन्या पांढऱ्या गाडीतून चालायचं. चाँदभाईंचं, म्हणजे चाँदपाशांचं, दुकान उदगीरला देगलूर रस्त्यावर होतं. पाटीवर 'सेल्फ, डायनामो, वायरिंग' इतकंच. नाव नाही, गाव नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "गाडी बंद पडलेला माणूस नाव वाचत बसत न्हाई, डॉक्टरसाब. त्याला वायरिंग दिसलं की बास."

उंच, काटकुळे, पायजमा घोट्याच्या वर. चष्म्याची एक काडी तुटलेली आणि तिला लाल वायरचं वेटोळं. वायर सोलायला पक्कड हाताशी असायची, पण ते सोलायचे दातांनी. समोरच्या दाताला त्यानं खाच पडली होती. हसले की आधी ती खाच दिसायची. आवाज मात्र बारीक, जणू गाडी झोपलीय आणि तिला उठवायचं नाही.

त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तो अगदी टेकीला येऊन. माझी गाडी चालता चालता एकदम बंद पडायची. सगळे दिवे एकदाच लागायचे, इंजिन गप्प. खाली उतरून चार शिव्या हासडल्या की पुन्हा चालू. मेस्त्रीकडे नेली की शहाण्यासारखी वागायची. एकानं प्लग बदलले, दुसऱ्यानं बॅटरी बदलली, तिसऱ्यानं गाडीच बदला म्हटलं. चाँदभाईंनी बोनेटला हातसुद्धा लावला नाही. विचारलं, "कुठं रुसती?"

"देवणीच्या अलीकडं. वळणावर."

"मग तिथं चला."

दुकानाला कडी घातली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. डावा तळवा डॅशबोर्डवर पालथा ठेवला, डोळे मिटले. "चालवा. माझ्याशी बोलू नका. तिच्याशी बोललं तर चालतंय." मी त्या वळणावरून गाडी तीनदा नेली. काही नाही. मला ओशाळल्यासारखं झालं. आपण खोटं बोलतोय असं वाटायला लागलं. चाँदभाईंनी डोळे उघडले.

"त्या दिवशी गाडीत कोण होतं?"

"मी एकटाच."

"आणखी?"

"आणखी कुणी नाही हो. लसीची पेटी होती मागं."

"कुठाय ती?"

"दवाखान्यात. तुमच्याकडं यायचं म्हणून उतरवून ठेवली."

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की जणू मी गाय तपासायला आणली आणि पोट घरी ठेवून आलो. पेटी आणायला लावली. रिकामी नाही, बर्फ भरून, होती तश्शी, होती तिथंच. मग पुन्हा ते वळण. मागं पेटी सरकल्याचा आवाज झाला आणि गाडी धाडकन बंद पडली. मी सवयीनं शिवी हासडायला तोंड उघडलं. शेजारी मात्र चाँदभाई टाळी वाजवून म्हणाले, "आली! आली!" पाहुणा दारात उभा राहावा तसा त्यांचा चेहरा फुलला होता.

पेटीचा पाय सरकून गालिच्याखालच्या वायरवर बसत होता. वायर आतून तुटलेली, वरून साजरी. पेटी असली आणि वळण आलं तरच तुटकी टोकं एकमेकांना सोडायची. ती दाखवत ते म्हणाले, "तांबं थकत न्हाई डॉक्टरसाब, जोड थकतोय. आणि ही मुकी हाय. तुमचं गिऱ्हाईक आणि माझं गिऱ्हाईक एकच."

त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. देवणीहून परतताना गाडी आपोआप त्यांच्या दुकानापुढं थांबायची, बिघाड असो नसो. बसायला एका जीपचं उपसून काढलेलं सीट होतं. आणि चहा यायचा भिंतीतून.

म्हणजे असं, की दुकानाच्या मागं त्यांचं घर, मधे सामाईक भिंत आणि तिला एक खिडकी. दुकानाचा ओटा उंच, घराची जमीन खोल. त्यामुळं ती खिडकी दुकानातून छातीशी यायची, पण आत भाभींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, टाचा उंचावून, मान वर करून हात लांबवावे लागायचे. आम्हाला फक्त दोन हात दिसायचे. हिरव्या बांगड्यांचे हात आणि त्यांत कपबशी. "डॉक्टरसाब आले का? आवाज आला गाडीचा," असं खालून ऐकू यायचं. कितीतरी महिने मी भाभींना एवढंच ओळखत होतो. हात आणि आवाज. चहा मात्र असा, की हॉटेलातल्याला तोंड लावावंसं वाटू नये.

दुकानाच्या भिंतीवर एक वस्तू होती. जुन्या ट्रकच्या मीटरची गोल काच, खिळ्याला टांगलेली. तिच्यावर टिकल्या, काळ्या टेपचे तुकडे, जखमेची पट्टी, एक देवाचा स्टिकर, असलं काहीबाही चिकटवलेलं. मला वाटलं हौस असेल. ती हौस नव्हती. तो त्यांचा राग होता.

एकदा माझ्यासमोरच एक मास्तर आले. गाडी ओढत नाही, तेल फार खाते म्हणून तक्रार. चाँदभाई आत बसले, पाहतात तो डॅशबोर्डवर ठसठशीत लाल टिकली.

"हे काय हाय सर?"

मास्तर म्हणाले, "तिथं एक दिवा लागतो. घरचीला भीती वाटते. ती म्हणाली, आपण बघायचंच नाही त्याच्याकडं. तिनंच लावली."

चाँदभाईंनी नखानं टिकली अलगद काढली, भिंतीवरच्या काचेवर लावली आणि त्या बारीक आवाजात म्हणाले, "दिवा लागला की भ्यायचं न्हाई सर. दिवा लागून राहिला म्हणजे कुणीतरी सांगून राहिलं. भ्यायचं ते सांगणं बंद झाल्यावर." मास्तर हो हो म्हणाले. शिकवायचा धंदा त्यांचा, ऐकायची सवय कुठली असणार.

गाड्यांच्या दलालांशी तर त्यांचं उभं वैर. विकायच्या आधी दिव्याचा बल्बच काढून टाका म्हणून ते यायचे. चाँदभाई उत्तरसुद्धा द्यायचे नाहीत. किल्ली उचलून त्यांच्या खिशात घालायचे, शर्टाचा खिसा वरून थोपटायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

शिरूर अनंतपाळची वरात तर मला अजून जेवताना आठवते आणि ठसका लागतो. माझ्या एका शेतकरी मित्राच्या मुलाचं लग्न. नवरदेवाची गाडी फुलांनी मढवलेली, आणि हॉर्न मधूनच आपोआप वाजायला लागला. थांबायचा, पुन्हा वाजायचा. बँडवाले चिडले, नाचायला आणलेलं घोडं बुजलं. आदल्या दिवशी ती गाडी चाँदभाईंनी स्वतः तपासली होती, म्हणून हे त्यांच्या जिवाला लागलं. ते पाहुणे म्हणून आले होते, नवा झब्बा घालून. सरळ पुढचं दार उघडून ड्रायव्हरशेजारी बसले, तळवा पालथा ठेवला, डोळे मिटले. मागं नवरदेव, पुढं हे ध्यानस्थ. बायका एकमेकींना विचारायला लागल्या, हे मुलाचे कोण? कुणी तरी सांगितलं, गुरू असतील. दोघी-तिघींनी काचेतून नमस्कार पण करून घेतला.

वरात चालत राहिली. पोरं नाचता नाचता बोनेटवर रेलली की हॉर्न, सरकली की बंद. चाँदभाईंनी एकदम "आली!" म्हणून आरोळी ठोकली, बँडच्या वर. खाली उतरून झेंडूच्या माळांत हात घातला आणि एक बारीक तार उपसून काढली. फुलवाल्यानं माळा बांधायची तार जाळीतून थेट हॉर्नच्या टोकाशी नेली होती. बोनेट दाबलं की तार टेकायची. त्या लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत चाँदभाई आहेत. खिशात स्क्रूड्रायव्हर, डोळे मिटलेले.

इतकं सगळं कळणाऱ्या माणसाच्या घरात काय चाललं होतं ते मात्र त्यांना कळलं नाही. मला याचं आजही नवल वाटतं, आणि वाईटही.

एक दिवस सकाळी मी जीपच्या सीटवर बसलो होतो. खिडकीत हात आले, कपबशी आली, आणि एकाएकी हात सैल पडून खाली गेले. बशी फुटली. चाँदभाई धावत मागं गेले, मी त्यांच्या पाठोपाठ. भाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि हसत होत्या. "काही न्हाई. पित्त हाय. रिकाम्या पोटी चहा उकळते ना." चाँदभाईंनी फळीवरून गोळी काढून दिली, पाणी दिलं. त्या फळीवर गोळ्यांची बरीच पाकिटं होती. म्हणजे हे पहिलं नव्हतं.

पुढं हे होत राहिलं. कधी वाळत घातलेले कपडे काढताना भोवळ यायची, पण बहुतेकदा चहाच्या वेळी. चहाची वेळ म्हणजे रिकामं पोट, रिकामं पोट म्हणजे पित्त, पित्त म्हणजे गोळी. हिशेब कसा चोख बसत होता. उदगीरच्या डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती स्वच्छ आली. सगळ्यांना बरं वाटलं.

मग एका सकाळी उकळता चहा त्यांच्याच अंगावर सांडला आणि खांद्यापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. त्या दिवशी चाँदभाईंनी दुकानाची कडी काढलीच नाही. दुसऱ्याच दिवशी मी दोघांना माझ्या गाडीतून लातूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. पुन्हा पट्टी काढली. पुन्हा स्वच्छ.

चाँदभाई डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, गाडी मेस्त्रीपुढं चांगलीच चालती."

डॉक्टर वयानं लहान होते, पण माणूस ऐकणारा. म्हणाले, "अगदी बरोबर. म्हणून आपण मेस्त्रीच गाडीसोबत पाठवू." त्यांनी भाभींच्या छातीला तारा चिकटवल्या आणि कमरेला एक लहान पेटी बांधली. ती पेटी दिवसरात्रीचे ठोके लिहून ठेवणार होती. "नेहमीची सगळी कामं करू द्या. फक्त एकटं सोडू नका." चाँदभाईंनी पेटी हातात घेऊन उलटीपालटी केली, तारा कुठून कुठं जातात ते बोटानं पाहिलं. कुठं टेकलीय, कुठं सैल आहे. मग म्हणाले, "हे लई चांगलं हाय."

लातूरला राहणाऱ्या त्यांच्या भाचीनं आग्रह केला, आजचा दिवस इथंच पडून राहू दे. चाँदभाईंनी ऐकलं नाही. "पलंगावर रुसत न्हाई ती. घरी चला."

घरी आल्यावर त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून भाभींच्या मागं मागं फिरायला लागले. त्या पीठ मळतायत, हे परातीशी उभे. त्या भांडी घासतायत, हे नळापाशी. मी देवणीला निघण्याआधी डोकावलो तर भाभी वैतागून सांगत होत्या, "डॉक्टरसाब, यांना काही तरी काम द्या. सावलीबी एवढी चिकटत न्हाई."

दुपारी परतलो तोवरही काही झालं नव्हतं. पेटी परत द्यायची वेळ जवळ येत चालली आणि भाभी ठणठणीत. चाँदभाई मला अंगणात घेऊन आले. जन्मभर ज्या क्षणाची वाट पाहत बसण्यात त्यांना सुख होतं, तोच क्षण आता त्यांच्या पुढ्यात होता. त्यांनी माझा दंड धरला.

"डॉक्टरसाब, येऊ दे म्हणू का नको म्हणू? न्हाई आली तर सापडणार न्हाई. आणि आली तर..." मी गुरांचा डॉक्टर.

भाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं. दोघं एकमेकांशी दखनीत बोलायचे, पण त्या दिवशी त्या मराठीतच बोलल्या. मलाही कळावं म्हणून असेल.

"तुम्हीच म्हणता ना, जिथं रुसती तिथं चला? मग दुकान बंद ठिवून कसं सापडंल? दुकान उघडा. डॉक्टरसाबांना सीटवर बसवा. मी चहा ठिवते."

मला लसीची पेटी आठवली, आणि चाँदभाईंच्या तोंडाकडे पाहिलं तर त्यांनाही तीच आठवली होती.

त्यांनी मला किल्ली दिली. मी पुढून दुकान उघडलं आणि सीटवर जाऊन बसलो. ते आयुष्यात पहिल्यांदा चहाच्या वेळी खिडकीच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिले. चहा उकळल्याचा वास आला. "कोमट होऊ दे," असं ते म्हणाल्याचं ऐकू आलं. मग हात वर आले. एकाच्या कोपराशी जळाल्याची पट्टी दिसत होती. "डॉक्टरसाब आले का?" भाभींनी नेहमीसारखंच विचारलं. मी हो म्हणालो. कपबशी माझ्याकडं सरकली, आणि मी हात पुढं करायच्या आत बांगड्यांचा आवाज झाला आणि खिडकी रिकामी झाली.

कप माझ्या पायाशी घरंगळला. पलीकडून चाँदभाईंचा आवाज आला, "आली." टाळी नव्हती. मग पुन्हा, रडवेला, "आली गं, आली. धरलंय मी. धरलंय." मी मागं धावलो तोवर भाभींनी डोळे उघडले होते. त्यांचं डोकं चाँदभाईंच्या छातीवर होतं आणि चाँदभाईंचा तळवा त्यांच्या पाठीवर पालथा पडला होता.

पेटीत सगळं लिहिलेलं होतं. मान वर ताणून त्या वळल्या, की मानेतली एक नस दाबली जायची आणि काळीज थोडा वेळ थांबायचं. पुन्हा आपलं आपण चालू व्हायचं. लातूरच्या डॉक्टरांनी कातडीखाली एक यंत्र बसवलं. त्याला बॅटरी असते हे ऐकून चाँदभाईंनी इतके प्रश्न विचारले, की डॉक्टर शेवटी म्हणाले, "चाचा, ही तुम्ही उघडायची नाही हं." सगळे हसले. भाभी जास्तच.

घरी परत आल्यावर चाँदभाईंनी काय केलं, ते मी पाहिलं. फळीवरून पित्ताच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट घेतलं, काळ्या टेपनं भिंतीवरच्या त्या गोल काचेवर चिकटवलं. मास्तरांच्या टिकलीशेजारी. म्हणाले, "हे आमचं." आणि बाहेर जाऊन एका जीपखाली शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

ती खिडकी त्यांनी विटा लावून बुजवली. चहा मग पुढच्या दारानं यायला लागला आणि मला भाभी पहिल्यांदा रोज दिसायला लागल्या.

नंतरच्या गाड्या त्यांच्या हाताबाहेरच्या निघाल्या. "आता वायर बोलत न्हाई, कंप्युटरची डबी बोलती," असं म्हणायचे, तक्रार नसायची त्यात. दुकान आवरलं आणि दोघं नांदेडला लेकीकडे राहायला गेले. मीही निवृत्त होऊन लातूरला आलो.

शेवटचं भेटणं नांदेडलाच झालं, एका लग्नाच्या निमित्तानं. मी नवी गाडी घेतली होती आणि ती त्यांना दाखवल्याशिवाय मला चैन नव्हतं. चाँदभाई वाकले होते, चष्म्याला अजून लाल वायर होती. गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढं बसले. भाभी मागं बसल्या. "चालवा," म्हणाले. डावा तळवा पालथा डॅशबोर्डवर, डोळे मिटलेले. मीटरवर एकही दिवा नव्हता.

मी गोदावरीच्या पुलाकडं गाडी घेतली. त्यांच्याशी बोलायचं नाही हे मला ठाऊक होतं. थोड्या वेळानं मागून भाभी हसून म्हणाल्या, "सोडा की आता. चांगली चालून राहिली ना."

"चालून राहिली तवाच हात ठिवायचा असतोय," चाँदभाई म्हणाले. "बंद पडल्यावर कुणीबी बघतंय."

मला वाटलं गाडीबद्दल चाललंय. आरशात पाहिलं तर त्यांचा उजवा हात दोन्ही सीटांच्या मधून मागं गेलेला होता आणि त्याची दोन बोटं भाभींच्या मनगटावर होती. पूल ओलांडला, परत फिरलो, लेकीच्या दारात गाडी थांबवली, तरी ती बोटं तिथंच होती.